सवलतीचे विमान तिकीट: ऑनलाइन खरेदीतील अडचणी

विमान कंपनी एका उड्डाणातल्या सगळ्या जागा एका दराने विकत नाही. १८० जागांचे विमान असेल तर त्या जागा आठ-दहा किंवा त्याहून जास्त दरगटांत वाटलेल्या असतात. सर्वांत खालच्या गटात मोजक्याच जागा असतात. त्या संपल्या की पुढच्या प्रवाशाला आपोआप वरचा दर दिसतो. जाहिरातीत ठळक छापलेला ‘पासून’ हा शब्द त्या खालच्या गटाबद्दल असतो. चार जणांच्या कुटुंबाला याचा फटका हमखास बसतो. खालच्या गटात दोनच जागा उरल्या असतील आणि शोध चार तिकिटांसाठी केला असेल, तर बहुतेक यंत्रणा चारही तिकिटांना वरचा दर लावतात. दोन-दोन तिकिटांचा वेगळा शोध घेतल्यास पहिली दोन स्वस्तात मिळू शकतात. एकाच तारखेचा दर तासाभरात बदललेला दिसला की ‘संकेतस्थळाने आपला शोध हेरला’ असा संशय लोक घेतात, पण बहुतेक वेळा खालचा गट संपलेला असतो, एवढेच.

१९९४ मध्ये एअर कॉर्पोरेशन्स कायदा रद्द झाला, खासगी कंपन्यांचा मार्ग मोकळा झाला आणि भाडे ठरवण्याचे स्वातंत्र्यही त्यांना मिळाले. २००३ मध्ये सुरू झालेल्या एअर डेक्कनने इंटरनेटवरून थेट विक्री आणि अगदी नाममात्र दराची तिकिटे यांची सवय भारतीय प्रवाशाला लावली. सरकार भाड्यात क्वचितच हात घालते. कोविडच्या काळात, मे २०२० ते ऑगस्ट २०२२, भाड्यांवर मर्यादा होत्या. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची उड्डाणे मोठ्या संख्येने रद्द झाली, तेव्हा पुन्हा काही काळ कमाल दर ठरवून दिले गेले. एरवी बाजार मोकळा आहे. त्यामुळे ग्राहकाचे रक्षण दराच्या नियंत्रणातून होत नाही. ते तिकिटाच्या अटींतून आणि परताव्याच्या नियमांतूनच व्हावे लागते.

पहिली अडचण पैसे भरण्याच्या पानावरच येते. शोधयादीत ३,२०० रुपये दिसलेले तिकीट शेवटच्या पायरीवर ३,९०० वर जाते. मधल्या पायऱ्यांवर सुविधा शुल्क, जागा निवडण्याचे शुल्क, विमा, ‘मोफत रद्द करण्याची’ हमी अशा गोष्टी जमा होत गेलेल्या असतात. बँकेच्या कार्डावर सवलत देणाऱ्या कूपनांत किमान रकमेची अट असते. काही कूपने हप्त्यांनी पैसे भरणाऱ्यांनाच लागू होतात, आणि सुविधा शुल्क वजा जाता हातात फारसे उरत नाही. ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार ग्राहकाच्या वतीने आधीच खूण केलेली चौकट ठेवता येत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या मांडणीच्या तेरा प्रकारांवर बंदी घालणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. टप्प्याटप्प्याने वाढत जाणारी किंमत, ‘दोनच शिल्लक’ असा खोटा घाईचा इशारा आणि विमा नाकारणाऱ्याला ‘मी असुरक्षित राहीन’ असे बटण दाबायला लावणे हे त्यातलेच प्रकार. शेवटच्या प्रकाराचे उदाहरण तर त्या तत्त्वांतही विमान तिकिटाचेच दिले आहे. तेव्हा तुलना करायची ती शोधयादीतल्या आकड्यांची नव्हे, पैसे भरण्याच्या पानावरच्या शेवटच्या रकमेची.

सामानाचे गणितही त्याच वेळी मांडावे लागते. देशांतर्गत प्रवासात साधारणपणे सात किलो हातसामान आणि पंधरा किलो चेक-इन सामान तिकिटात धरलेले असते. परंतु २०२१ पासून चेक-इन सामानाशिवायचे आणखी स्वस्त तिकीट विकण्याची मुभा कंपन्यांना आहे. असे तिकीट घेऊन मोठी बॅग विमानतळावर नेली की तिथला दर सोसावा लागतो, आणि तो ऑनलाइन आगाऊ दरापेक्षा चढा असतो.

सर्वांत जास्त पैसे बुडतात ते तिकीट रद्द करताना, आणि त्यातले बरेचसे हक्क माहीत नसल्यामुळे. तिकिटाच्या रकमेचे दोन भाग असतात: मूळ भाडे आणि इंधन अधिभार हा कंपनीचा भाग, तर वस्तू व सेवा कर, विमानतळाचे विकास शुल्क आणि प्रवासी सेवांची शुल्के हा दुसरा. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या नियमानुसार रद्द करण्याचे शुल्क पहिल्या भागापेक्षा जास्त असू शकत नाही. दुसरा भाग प्रवाशाला परत मिळालाच पाहिजे. तिकिटावर ‘परतावा नाही’ असे लिहिलेले असो, ते जाहिरातीतल्या योजनेतले असो किंवा प्रवासी विमानतळावर पोहोचलाच नसो, तरीही. समजा ३,२०० रुपयांच्या तिकिटात मूळ भाडे २,३०० आहे. ते पूर्ण बुडाले तरी उरलेल्या ९०० रुपयांतला कर आणि विमानतळ शुल्कांचा भाग प्रवाशाचाच असतो. परताव्याच्या प्रक्रियेसाठी कंपनीने वेगळे शुल्क घेणेही नियमात बसत नाही. स्वस्त तिकिटात ही रक्कम एकूण किमतीचा मोठा हिस्सा असते. तरीही ‘काही मिळणार नाही’ असे गृहीत धरून असंख्य लोक ती मागतच नाहीत, आणि न मागितलेले पैसे कंपनीकडेच राहतात. हे अन्यायाचे आहे. हा परतावा मागणीशिवाय, आपोआप खात्यात जमा व्हायला हवा.

उड्डाणाला निदान सात दिवस बाकी असतील तर तिकीट काढल्यापासून २४ तासांत ते विनाशुल्क रद्द करण्याची किंवा बदलण्याची सोयही नियमांत ठेवण्यात आली. बदललेल्या उड्डाणाच्या भाड्यातला फरक मात्र भरावा लागतो. ही मुदत ४८ तास करण्याचा प्रस्ताव डीजीसीएने नोव्हेंबर २०२५ मधल्या मसुद्यात मांडला. नावातली चूक लक्षात आल्यावर याच काळात हालचाल करणे फायद्याचे. मराठी नावांच्या बाबतीत ती सहज होते: पासपोर्टवर वडिलांचे किंवा पतीचे नाव पहिल्या नावाला जोडून येते, आधारवर आडनाव वेगळ्या क्रमाने असते, आणि लग्नानंतर एका कागदावर जुने, दुसऱ्यावर नवे आडनाव राहते. परदेश प्रवासात तिकीट पासपोर्टशी अक्षरशः जुळावे लागते.

उड्डाण कंपनीनेच रद्द केले तर भरपाईचे नियम आहेत, पण तिथेही सवलतीचे तिकीट कमी पडते. आगाऊ कळवण्याची अट न पाळता उड्डाण रद्द झाल्यास, उड्डाणाच्या कालावधीनुसार पाच, साडेसात किंवा दहा हजार रुपये, अथवा मूळ भाडे अधिक इंधन अधिभार, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती मिळते. मूळ भाडे दीड हजार असेल तर भरपाई त्याच्याच आसपास थांबते. कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांसाठी तीही नाही.

तिकीट मध्यस्थ संकेतस्थळावरून घेतले की गुंता वाढतो. कंपनी म्हणते, पैसे एजंटाकडे पाठवले. एजंट म्हणतो, कंपनीकडून आले नाहीत. नियमाने परताव्याची जबाबदारी कंपनीची आहे, कारण एजंट हा तिचा प्रतिनिधी असतो. पण क्रेडिट कार्डाच्या थेट व्यवहारात सात दिवसांची असलेली मुदत इथे बरीच लांबते. टाळेबंदीत रद्द झालेल्या तिकिटांचे पैसे परत करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी दिला होता. तरी जून २०२४ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला यात्रा या संकेतस्थळाला सुमारे अडीच कोटी रुपयांचे थकलेले परतावे देण्याचा आदेश काढावा लागला. दुसरा धोका कमी दिसणारा आहे. अनेक एजंट बुकिंगमध्ये प्रवाशाऐवजी स्वतःचा फोन आणि ई-मेल टाकतात. वेळ बदलल्याचा निरोप मग प्रवाशापर्यंत पोहोचत नाही, आणि संपर्काचा पुरेसा तपशील दिलेला नसेल तर भरपाईचा हक्कही जातो. तिकीट हाती येताच कंपनीच्या संकेतस्थळावर पीएनआर टाकून आपला फोन क्रमांक तिथे आहे का, हे पाहणे म्हणूनच आवश्यक.

एजंटांकडे मिळणारे ‘सिरीज फेअर’ हा आणखी एक प्रकार. व्यावसायिक विक्रेते सुट्टीच्या हंगामासाठी जागांचे गट आधीच घेऊन ठेवतात आणि नंतर सुट्या विकतात. दर आकर्षक असतो, पण नाव बदलता येत नाही, रद्द केल्यास भाड्यातले काही परत येत नाही, आणि पीएनआर कधीकधी प्रवासाच्या तोंडावर मिळतो. विद्यार्थी, ज्येष्ठ नागरिक किंवा लष्करी कर्मचाऱ्यांसाठीचे खास दर निष्काळजीपणे निवडले, तर विमानतळावर ओळखपत्र दाखवता न आल्याने प्रवेश नाकारला जाऊ शकतो.

वेगवेगळ्या कंपन्यांची दोन स्वतंत्र तिकिटे जोडून तयार केलेला स्वस्त प्रवासही जपून घ्यावा. पहिले विमान उशिरा आले आणि दुसरे चुकले, तर दुसऱ्या कंपनीवर कोणतीही जबाबदारी येत नाही. सामान मध्येच उतरवून पुन्हा द्यावे लागते, आणि परदेशात त्यासाठी त्या देशाचा व्हिसा लागू शकतो. मुंबईत तर टर्मिनल एक आणि दोन यांमध्ये रस्त्याने जावे लागते. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही चालू झाल्याने ‘मुंबई’ या एका नावाखाली दोन दूरचे विमानतळ आले आहेत. गोव्यात दाबोळी वास्कोजवळ, तर जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालेला मोपा उत्तर टोकाला पेडण्यात. काणकोणला जाणाऱ्याने तिकिटात वाचवलेले पैसे मोपाहून टॅक्सीत सहज संपतात.

महिनोन्‌महिने आधी घेतलेले स्वस्त तिकीट हे खरे तर प्रवाशाने कंपनीला दिलेले बिनव्याजी कर्ज असते. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज थांबली, मे २०२३ मध्ये गो फर्स्टने दिवाळखोरीचा अर्ज करून उड्डाणे बंद केली, आणि दोन्ही वेळा आगाऊ पैसे भरलेले प्रवासी धनकोंच्या रांगेत मागे राहिले. क्रेडिट कार्डाने पैसे भरलेल्यांना बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे भरलेली रक्कम परत वळवून, मागण्याची निदान एक वाट असते.

याशिवाय उघड फसवणूक आहेच. परताव्यासाठी इंटरनेटवर ‘कस्टमर केअर’ शोधणाऱ्याला बनावट क्रमांक सापडतो. पलीकडची व्यक्ती फोनमध्ये स्क्रीन दाखवणारे ॲप टाकायला सांगते किंवा ओटीपी विचारते, आणि खाते रिकामे होते. समाजमाध्यमांवर निम्म्या दरात तिकीट देणारे कधीकधी नुसते ‘होल्ड’ केलेले बुकिंग पाठवतात. त्यावर पीएनआर असतो, पण पैसे न भरल्याने काही तासांत ते रद्द होते. असे झाल्यास १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तात्काळ कळवले तर रक्कम वाटेत गोठवली जाण्याची शक्यता असते.

परतावा किंवा सेवेची तक्रार आधी कंपनीच्या किंवा संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी करावी. ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचे असते. तेवढ्याने भागले नाही तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाचे ‘एअरसेवा’ आणि १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. शेवटी जिल्हा ग्राहक आयोग, जिथे प्रवासी आपल्या राहत्या ठिकाणी, वकिलाशिवाय आणि ऑनलाइनही दावा दाखल करू शकतो. त्यासाठी पैसे भरण्याच्या पानाचे चित्र, तिकिटाच्या अटी आणि भाड्याची मूळ फोड दाखवणारे बिल पहिल्याच दिवशी जपून ठेवावे लागते.