विश्लेषण : जुन्या एमजीबीला तारांची चाके बसवायची तर मागचा अख्खा अ‍ॅक्सल का बदलावा लागतो?

2025 मध्ये भारतीय बाजारात आलेल्या ‘सायबरस्टर’ या विजेवरच्या दोन आसनी गाडीमुळे एमजी या ब्रिटिश नावाची जुनी ओळख पुन्हा चर्चेत आली. ही ओळख प्रामुख्याने घडवली ती 1962 ते 1980 या काळात इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात तयार झालेल्या ‘एमजीबी’ने. पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्याने ती आजही हौशी मंडळींच्या आवाक्यात असलेली क्लासिक मानली जाते. यातील अनेक गाड्या साध्या पत्र्याच्या चाकांवर बाहेर पडल्या आणि त्यांच्या आजच्या मालकांना हवी असतात ती चकाकणारी तारांची चाके. चार नट काढा, चाक बदला, इतके हे सोपे असेल असे वाटते. प्रत्यक्षात हे काम ब्रेकपर्यंत जाऊन पोहोचते.

तारांचे चाक वजन पेलते कसे?

बैलगाडीच्या चाकात तुंब्यावर आलेला भार खालचे लाकडी आरे दाबाखाली झेलतात. सायकलच्या चाकात असे होऊ शकत नाही, कारण बारीक तार दाबली की वाकते. म्हणून प्रत्येक तार आधीच ताणून बसवलेली असते. चाकावर भार आला की जमिनीलगतच्या तारांचा ताण थोडा कमी होतो, पण पूर्ण संपत नाही. तोवर चाक घट्ट राहते. एमजीबीच्या चाकात याच तत्त्वावर 60 तारा असतात (72 तारांची अधिक दणकट चाकेही मिळतात). वळणावर गाडीचा आडवा जोर येतो, तो सांभाळण्यासाठी तारा तिरप्या कोनात, वेगवेगळ्या रांगांत विणलेल्या असतात. त्यामुळे या चाकाचा मधला भाग साध्या चाकापेक्षा बराच खोल होतो. पुढची सगळी गुंतागुंत या खोलीतून सुरू होते.

चाक गाडीला जोडलेले कशाने असते?

साधे चाक चार स्टडवर चार नटांनी आवळलेले असते. तारांच्या चाकाला स्टड नसतात. हबच्या बाहेरच्या अंगाला दात कोरलेले असतात, त्यांना स्प्लाइन म्हणतात. चाकाच्या आतल्या अंगालाही तसेच दात असतात. चाक हबवर सरकवायचे आणि मध्यभागी एकच मोठा नट ठोकून आवळायचा. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कोव्हेंट्रीच्या रज-व्हिटवर्थ कंपनीने ही पद्धत रुळवली. शर्यतीत चाक झटपट बदलता यावे, हा तिचा मोठा फायदा होता.

यातली खरी हुशारी नटात आहे. नटाच्या आतला शंकूसारखा भाग चाकाच्या शंकूवर बसतो आणि त्याच्यापेक्षा किंचित मोठा असतो. चाक फिरताना भारामुळे दोन्ही पृष्ठभाग एकमेकांवर जरासे लोळतात आणि मोठा नट प्रत्येक फेऱ्यात कणभर मागे पडतो. आटे योग्य दिशेचे असतील, तर हे मागे पडणे म्हणजेच आवळले जाणे. म्हणून गाडीच्या डाव्या बाजूला नेहमीचे उजवे आटे असतात आणि उजव्या बाजूला उलटे, म्हणजे डावे. जुन्या गाडीत आधीच्या कुणी हब काढून बाजू अदलाबदल केल्या असतील, तर गाडी जसजशी पुढे जाते तसतसा नट स्वतःहून सैल होत जातो. त्यामुळे सेकंडहँड हब बसवण्याआधी आटे कोणत्या दिशेचे आहेत, हे पाहणे ही पहिली पायरी असते. शिवाय सुरुवातीच्या एमजीबीच्या हबवर इंचाला 12 आटे होते, नंतरच्या हबवर 8. एकाचा नट दुसऱ्याला चालत नाही.

मग अ‍ॅक्सल का बदलायचा?

पुढच्या चाकांचे काम तुलनेने सरळ आहे. ब्रेकचा कॅलिपर बाजूला करायचा, जुना हब काढायचा, ब्रेक डिस्क नव्या स्प्लाइनच्या हबवर चढवायची आणि बेअरिंग नीट बसवायची. अडचण मागे येते. स्प्लाइनचा हब बाहेरच्या बाजूला पुढे आलेला असतो, त्यामुळे चाकही बाहेर सरकते. टायर मडगार्डच्या आतच राहावा म्हणून कारखान्याने तारांच्या चाकांच्या गाड्यांना मुळातच आखूड अ‍ॅक्सल दिला होता. नंतरच्या, ‘ट्यूब’ प्रकारच्या अ‍ॅक्सलमध्ये हा फरक सुमारे दीड इंचाचा आहे. आकडा लहान वाटतो, पण दोन माणसे बसल्यावर आणि खड्ड्यात गाडी दबल्यावर टायरची कड मडगार्डला घासण्यास तो पुरेसा ठरतो.

म्हणून शुद्ध मार्ग असा, की तारांच्या चाकांचा जुना अ‍ॅक्सल मिळवायचा आणि पाट्याच्या स्प्रिंगांवरून आधीचा उतरवून तो चढवायचा. यात प्रॉपेलर शाफ्ट, ब्रेकचा पाइप, हँडब्रेकची केबल, सगळेच सुटते आणि पुन्हा जोडावे लागते. ब्रेकमधली हवाही काढावी लागते.

याला स्वस्त पर्याय नाहीत का?

आहेत. एक म्हणजे अ‍ॅडॅप्टर. याचा एक भाग चार स्टडवर आवळला जातो आणि दुसऱ्या भागावर स्प्लाइन असतात. काम एका दिवसात होते. पण चाक बाहेर सरकण्याचा प्रश्न तसाच उरतो, अनेकदा स्टड कापून आखूड करावे लागतात, आणि अ‍ॅडॅप्टर धरून ठेवणारे नट चाकाखाली झाकले जातात. ते सैल झाले आहेत का, हे चाक काढल्याशिवाय कळत नाही. दुसरा पर्याय थेट चार स्टडवर बसणाऱ्या तारांच्या चाकांचा. मधोमध दिसणारा नट तिथे फक्त शोभेचा असतो. जाणकारांच्या मेळाव्यात त्याकडे नाक मुरडले जाईल, पण रोजच्या वापरात तो अ‍ॅडॅप्टरपेक्षा निर्धास्त पर्याय आहे. शोभेसाठीच करायचे असेल तर शोभेचा नट लावण्यात कमीपणा तो काय?

सर्वात मोठा धोका कोणता?

झिजलेले स्प्लाइन. ब्रेक हबला थांबवतो, चाकाला नव्हे. हब आणि चाक यांच्यामध्ये फक्त हे दात असतात. ते झिजून सुरीच्या पात्यासारखे टोकदार झाले, की एखाद्या दिवशी ब्रेक दाबल्यावर हब थांबेल आणि चाक त्याच्याभोवती फिरत राहील. याची पूर्वसूचना कानाला मिळते : गाडी पुढे नेऊन लगेच रिव्हर्समध्ये घेतली की मागून ‘टक्’ असा आवाज येतो. अशा हबवर नवी कोरी चाके चढवणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे, कारण झिजलेले दात नव्या दातांनाही खातात. हब आणि चाक एकत्रच बदलावे लागतात. दातांना ग्रीस लावायला विसरले, तर ही झीज फार लवकर होते.

कारखान्यालाही या जोडणीच्या मर्यादा ठाऊक असाव्यात. 1973 मध्ये आलेल्या साडेतीन लिटरच्या एमजीबी जीटी व्ही8 ला तारांची चाके दिलीच गेली नाहीत. तिच्यासाठी मध्यभाग अ‍ॅलॉयचा आणि रिम पोलादाची, अशी वेगळी चाके वापरली गेली.

पंख असलेले नट अमेरिकेत का बंद झाले?

मधल्या नटाला हातोड्याने ठोकण्यासाठी दोन ‘कान’ असत. पादचाऱ्याला किंवा सायकलस्वाराला ते लागू शकतात म्हणून अमेरिकेने 1968 पासून नव्या गाड्यांवर त्यांना मनाई केली आणि कान नसलेले अष्टकोनी नट आले. ते पान्यानेच उघडतात. तो नियम 1996 मध्ये रद्द झाला.

भारतात असा बदल करता येईल का?

2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होऊ शकते, पण ती मूळ रूपात असावी आणि तिच्यात मोठे फेरफार झालेले नसावेत, अशी अट आहे. एमजीबीला तारांची चाके कारखान्यातूनच मिळत होती, हा मुद्दा मालकाच्या बाजूचा आहे. तरीही काम सुरू करण्यापूर्वी आरटीओत विचारून घेतलेले बरे.

बसवल्यानंतर काय काळजी घ्यायची?

पारंपरिक रिममध्ये तारांची टोके आतून डोकावतात, म्हणून ट्यूब आणि रिमपट्टी लागतेच. नट आवळताना चाक जॅकवर उचललेले असावे आणि हातोडा तांब्याचा किंवा शिशाचा असावा, लोखंडी नव्हे. थोडे अंतर चालवून नट पुन्हा तपासावा. खड्ड्यांमुळे चाक डुगडुगू लागले तर उपाय सायकलच्या दुकानातलाच : चाक फिरवत ठेवायचे, खडूने खूण करायची आणि चावीने तारा कमी-जास्त ताणून ‘आऊट’ काढायचा. फक्त सायकलला 32 ते 40 तारा असतात. इथे एका चाकाला 60 आहेत आणि एक ताणली की शेजारच्या सगळ्यांचा ताण बदलतो.