मरू देणं वेगळं, मारणं वेगळं!

मुंबईहून हावड्याकडे जाणाऱ्या गाडीने गोंदिया सोडलं, की छत्तीसगडची हद्द सुरू होते आणि थोड्याच वेळात डोंगरगड येतं. डोंगरावर बम्लेश्वरी देवी. नवरात्रात दुर्ग-भिलाईकडून पायी येणाऱ्या भाविकांची इथे रीघ लागते. १८ फेब्रुवारी २०२४ला मात्र डोंगरगडात लोटलेली गर्दी देवीसाठी नव्हती. दिगंबर जैनांचे आचार्य विद्यासागर महाराज यांनी इथल्याच चंद्रगिरी तीर्थावर मध्यरात्रीनंतर अडीचच्या सुमारास देह ठेवला होता. वय ७७. आधी त्यांनी आचार्यपद सोडलं. मग तीन दिवस अन्न-पाणी वर्ज्य आणि अखंड मौन. जैन धर्मात याला सल्लेखना म्हणतात. छत्तीसगड आणि मध्य प्रदेश सरकारांनी अर्ध्या दिवसाचा दुखवटा जाहीर केला.

आता याच रेल्वेमार्गावर थोडं पुढे, भिलाईला चला. १९५९ साली इथली पहिली झोतभट्टी पेटली आणि देशभरातून माणसं आली. मराठी माणसं तर या पट्ट्यात भोसल्यांच्या राजवटीपासून आहेत. पोलाद कारखान्याने त्यांत आणखी भर घातली. कारखान्यात उभी हयात काढलेली ती पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. मुलगा अमेरिकेत, मुलगी पुण्यात, आणि आई-वडील भिलाईत. अशा घरातला म्हातारा एके रात्री कोसळतो. त्याला अतिदक्षता विभागात हलवतात आणि डॉक्टर बाहेर येऊन विचारतात, ‘व्हेंटिलेटर लावायचा का?’

भिलाईच काय, नागपूर, सांगली, ठाणे, कुठल्याही गावात हा प्रश्न रोज विचारला जातो. उत्तर कुणाला द्यायचं असतं? ज्याचा जीव आहे तो तर बेशुद्ध. मग बायको मुलाकडे बघते, मुलगा फोनवरून बहिणीला विचारतो आणि बहीण म्हणते, ‘माझ्या तोंडून नको.’ शेवटी नळ्या लागतात. एकदा लागल्या, की काढायला कुणी धजत नाही. पाप लागेल, लोक काय म्हणतील, पोलीस येतील!

एकीकडे ठरवून अन्नत्याग करणाऱ्याला सरकारी मानवंदना, दुसरीकडे ‘आता पुरे’ म्हणणाऱ्या कुटुंबाच्या मनात गुन्हेगाराची भीती. या दोन गोष्टींत नेमकं अंतर किती?

मरणाची इच्छा हाही दोषच

विद्यासागर महाराज मूळचे आपल्याच सीमाभागातले. बेळगाव जिल्ह्यातलं सदलगा हे त्यांचं गाव. १९६८ साली अजमेरला त्यांनी मुनिदीक्षा घेतली. चार वर्षांनी त्यांचे गुरू ज्ञानसागर यांनी आपलं आचार्यपद या तरुण शिष्याच्या हाती दिलं आणि मग त्याच शिष्याच्या देखरेखीखाली स्वतः सल्लेखना घेतली. १ जून १९७३ला राजस्थानात नसीराबाद येथे ज्ञानसागरांनी देह ठेवला.

मराठी मुलखातलं याहून मोठं उदाहरण कुंथलगिरीचं. मराठवाड्यातल्या या डोंगरावर आचार्य शांतिसागर महाराजांनी १४ ऑगस्ट १९५५ला सल्लेखना सुरू केली. कारण काय? दृष्टी जात चालली होती. पायाखाली किडामुंगी येते का हे दिसेना, तर अहिंसाव्रत पाळायचं कसं? ३६ दिवसांनी, १८ सप्टेंबरला त्यांनी प्राण सोडला. त्याआधी, २६व्या दिवशी, त्यांनी शेवटचं प्रवचन केलं. तेही मराठीतून!

बाहेरच्या माणसाला हे आत्महत्येसारखं वाटतं. जैन शास्त्र मात्र इथे फार काटेकोर आहे. संकट, दुष्काळ, म्हातारपण किंवा असाध्य रोग आला आणि त्यावर उपायच उरला नाही, तरच सल्लेखनेची मुभा. शिवाय हे व्रत घेणाऱ्याने टाळायचे जे पाच दोष सांगितले आहेत, त्यांत ‘आणखी जगावं’ ही इच्छा येते आणि ‘लवकर मरावं’ ही इच्छाही येते! म्हणजे वेदनेला कंटाळून मृत्यूला हाक मारणारा माणूस या व्रताला पात्रच ठरत नाही. इंजेक्शन देऊन सोडवा म्हणणाऱ्या दयामरणाच्या मागणीपासून हा विचार बराच दूर आहे.

तरी वाद झालाच. राजस्थानातल्या एका याचिकेत या प्रथेची तुलना थेट सतीशी केली गेली. म्हाताऱ्यांवर, विशेषतः घरातल्या बायकांवर, धर्माच्या नावाने दबाव येतो, असा तो आक्षेप होता. राजस्थान उच्च न्यायालयाने १० ऑगस्ट २०१५ला संथारा म्हणजे आत्महत्याच, असा निकाल दिला. देशभर जैन समाजाने मूक मोर्चे काढले आणि ३१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ‘आता तुमचं काय राहिलंय?’ हे वाक्य ज्या घरात रोज कानावर पडतं, तिथल्या आजीचा अन्नत्याग किती तिचा आणि किती घरच्यांचा?

हिंदूंमध्येही ही वाट अनोळखी नाही. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी फेब्रुवारी १९६६मध्ये आधी औषधं, मग अन्न-पाणी सोडलं आणि २६ तारखेला त्यांचं निधन झालं. नोव्हेंबर १९८२मध्ये पवनारला हृदयविकाराचा झटका आल्यावर विनोबांनी तेच केलं. इंदिरा गांधी भेटीला आल्या, विनवण्या झाल्या. विनोबांचा निश्चय हलला नाही. १५ नोव्हेंबरला ते गेले. सावरकर आणि विनोबा! विचारांनी दोन टोकांची माणसं, पण मृत्यूला सामोरं जाण्याची रीत एकच.

गांधीजींचं वासरू आणि कस्तुरबांचं इंजेक्शन

या वादात सर्वांत अडचणीचे प्रश्न उभे केले ते अहिंसेच्या पुजाऱ्यानेच. १९२८ साली साबरमती आश्रमातलं एक वासरू असह्य वेदनेने तडफडत होतं. ते वाचणार नाही असं कळल्यावर गांधीजींनी डॉक्टरकरवी त्याला इंजेक्शन देऊन शांत केलं. गुजरातेत काहूर उठलं. गोवंशाची हत्या, आणि तीही महात्म्याच्या आश्रमात! गांधीजींनी ‘नवजीवन’मधून उत्तर दिलं. स्वार्थ आणि राग यांतून घेतलेला जीव ही हिंसा. दुसऱ्या कुठल्याच मार्गाने वेदना कमी करता येत नसेल, तर असा शेवट अहिंसेत बसू शकतो, असं त्यांचं म्हणणं होतं. माणसाबाबतही हाच नियम लावाल का, या प्रश्नावरही ते मागे हटले नाहीत. मात्र माणसाची सेवा करण्याचे मार्ग सहसा संपत नाहीत आणि माणूस आपली इच्छा सांगू शकतो, हा फरक त्यांनी दाखवला.

सोळा वर्षांनी प्रश्न त्यांच्याच घरात आला. फेब्रुवारी १९४४, पुण्याचा आगाखान पॅलेस. नजरकैदेतल्या कस्तुरबा शेवटच्या घटका मोजत होत्या. पेनिसिलिन तेव्हा नवलाची चीज. ते मुद्दाम विमानाने मागवलं गेलं. दर काही तासांनी इंजेक्शन टोचावं लागणार होतं. मुलगा देवदास म्हणत होता, देऊन तर पाहू. गांधीजींना या अवस्थेत तिला आणखी टोचून छळणं मान्य नव्हतं. देवदासना अखेर माघार घ्यावी लागली आणि २२ फेब्रुवारीला कस्तुरबांनी प्राण सोडला. बाप बरोबर की मुलगा? अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर हा वाद आजही शब्दशः तसाच चालतो. कस्तुरबांची स्वतःची इच्छा काय होती, हा प्रश्न मात्र तेव्हाही मागेच राहिला.

इतर धर्मांकडे पाहिलं, तर मारण्याला विरोध जवळपास एकमुखी आहे. इस्लाममध्ये आयुष्य ही अल्लाची ठेव. ती परत घेण्याचा हक्क त्याचाच. पण ज्या उपचारांचा काही उपयोग उरलेला नाही ते थांबवायला अनेक मुस्लिम धर्मपंडितांची हरकत नसते. कॅथलिक चर्चचा दयामरणाला कडवा विरोध. तरी १९५७ साली पोप पायस बारावे यांनी भूलतज्ज्ञांसमोर बोलताना स्पष्ट केलं होतं, की असाधारण उपायांनी आयुष्य लांबवत राहण्याचं बंधन रुग्णावरही नाही आणि डॉक्टरांवरही नाही. मारू नका, पण मरणाऱ्याला अडवूनही धरू नका! सगळ्याच परंपरांचा सूर थोड्याफार फरकाने इथेच येऊन मिळतो. सर्वसामान्य माणसाला मात्र यातला पहिला अर्धा भागच ठाऊक असतो.

केईएमच्या परिचारिका

कायद्याला ही रेघ आखायला भाग पाडलं ते मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या एका खाटेने. अरुणा शानभाग ही कारवारकडच्या हळदीपूरची मुलगी. परिचारिका म्हणून ती केईएममध्ये काम करत होती. २७ नोव्हेंबर १९७३ला तिथल्याच एका सफाई कामगाराने तिच्यावर पाशवी हल्ला केला, कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला. मेंदूचा प्राणवायू तुटला. अरुणा जिवंत राहिली, पण पुन्हा कधीच भानावर आली नाही.

तिच्यावर पुस्तक लिहिणाऱ्या पत्रकार पिंकी विराणी यांनी तिला या अवस्थेतून सोडवा अशी मागणी सर्वोच्च न्यायालयात केली. विरोधात उभ्या राहिल्या केईएमच्या परिचारिका. पिढ्या बदलल्या, नव्या मुली आल्या, निवृत्त झाल्या. पण अरुणाला भरवणं, पुसणं, कुशीवर वळवणं थांबलं नाही. इतकी वर्षं अंथरुणाला खिळूनही तिच्या अंगावर शय्याव्रण नाहीत, हे पाहून तपासायला आलेले डॉक्टरही थक्क झाले. ७ मार्च २०११ला न्यायालयाने मागणी फेटाळली. अरुणाच्या वतीने बोलण्याचा हक्क तिची सेवा करणाऱ्यांचा आहे, असं न्यायालयाने म्हटलं. त्याच निकालात, उपचार थांबवण्याची वाट मात्र उच्च न्यायालयाच्या परवानगीने खुली झाली. १८ मे २०१५ला न्यूमोनियाने अरुणा गेली.

विराणींना निष्ठुर म्हणणं सोपं आहे, परिचारिकांना भाबडं म्हणणंही. एकीला दिसत होती ती ४१ वर्षांची कैद. दुसऱ्यांना दिसत होतं ते त्यांच्या हातचा घास गिळणारं माणूस. काय हवं हे अरुणाच सांगू शकली असती, आणि तेवढंच शक्य नव्हतं.

मग सांगता येतं तेव्हाच सांगून ठेवलं तर? ९ मार्च २०१८ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने याला मान्यता दिली. सन्मानाने मरणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरला आणि इच्छापत्राप्रमाणे ‘जीवनेच्छापत्र’ करून ठेवण्याची सोय झाली. नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये २००२पासून डॉक्टर अटी पाळून इंजेक्शन देऊ शकतात. आपल्याकडे तो गुन्हाच आहे. आपल्याकडे परवानगी आहे ती निष्फळ उपचार न देण्याची किंवा थांबवण्याची.

२०१८ची पद्धत इतकी किचकट होती, की कुणी त्या वाटेला जाईना. प्रत्येक कागदावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही कोण आणणार? २४ जानेवारी २०२३ला न्यायालयाने ती सोपी केली. आता सज्ञान आणि मानसिकदृष्ट्या सक्षम व्यक्तीने दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ती साक्षांकित करून घ्यायची. वेळ आली, तर रुग्णालयातल्या डॉक्टरांचं पहिलं मंडळ निर्णय देतं, मग दुसरं मंडळ तो तपासतं. प्रत्येकाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. कागदात ज्यांची नावं दिली आहेत, त्यांची संमती लागतेच. अंमलबजावणीपूर्वी न्यायदंडाधिकाऱ्याला कळवायचं. कागद केलेलाच नसेल, तरी कुटुंबीयांच्या संमतीने आणि दोन्ही मंडळांच्या मताने उपचार थांबवता येतात. हे सगळं उपचार थांबवण्यापुरतं. वेदनाशामक औषधं, स्वच्छता, जवळ बसणं, हे शेवटच्या श्वासापर्यंत चालूच ठेवायचं असतं.

गोव्यात मे २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे तेव्हाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं जीवनेच्छापत्र करून पायंडा पाडला. मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी आपला कागद जपणारा सरकारी अधिकारीच नाही म्हणून उच्च न्यायालय गाठलं. त्यानंतर महाराष्ट्रातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये असे अधिकारी नेमले गेले.

धोका नाही असं नाही. रुग्णालयाचं बिल फुगत चाललेलं असताना घेतलेला निर्णय दयेचा की खर्चाचा, हे ओळखणं डॉक्टरांच्या दोन मंडळांनाही अवघडच. म्हणूनच हा कागद धडधाकट असताना, घरचे सगळे बसलेले असताना करायचा. आपल्या घरांत मृत्युपत्राचा विषय काढला तरी ‘शुभ बोला’ म्हणतात. इथे तर त्याहून कठीण गोष्ट बोलायची आहे.

कागदात आपल्या वतीने बोलणाऱ्यांची नावं द्यावी लागतात, आणि नव्या नियमांनुसार ती एकापेक्षा जास्त देता येतात. भिलाईतल्या ज्या आई-वडिलांची मुलं सातासमुद्रापार आहेत, त्यांनी याचा नीट विचार करावा. मुलाचं नाव घालावंच. पण डॉक्टर विचारतील त्या रात्री तो विमानात असेल. त्याच्या जोडीला दुसरं नाव गावातल्याच कुणाचं तरी हवं: एखादा भाचा, जुना सहकारी, नाहीतर शेजारच्या क्वार्टरमधल्या वहिनी. आणि ते नाव लिहिण्याआधी त्यांना घरी बोलावून, चहा देऊन, विचारायला हवं.