लक्सरचा एक दिवस : थडग्यांतील रंग आणि पर्यटकांचा श्वास

इजिप्तच्या दक्षिण भागातील लक्सर या शहरात येणाऱ्या अनेक पर्यटकांपाशी एकच दिवस असतो. कोणी कैरोहून विमानाने येतो, कोणी तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावरील हुरघाडा येथून पहाटे निघालेल्या बसने. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या त्या अवधीत मार्गदर्शक त्यांना सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची मंदिरे आणि थडगी दाखवतो. या सहलीची आखणी अनेक वर्षांपासून जवळपास ठरलेली आहे. मात्र थडग्यांमध्ये पर्यटकांना किती संख्येने आणि किती वेळ जाऊ द्यावे, हा प्रश्न अद्याप सुटलेला नाही.

लक्सर म्हणजे प्राचीन थीब्ज. येथील मंदिरे व दफनभूमी यांचा १९७९ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. नाईल नदी या परिसराचे दोन भाग करते. पूर्व तीरावर, म्हणजे सूर्य उगवतो त्या बाजूस, वस्ती आणि देवांची मंदिरे होती. सूर्य मावळतो त्या पश्चिम तीरावर मृतांचे स्थान होते. एका दिवसाची सहल मात्र उलट क्रमाने चालते. सकाळी पश्चिम तीर, दुपारनंतर पूर्व तीर. यामागे धार्मिक कारण नाही. उन्हाळ्यात येथील पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो आणि पश्चिमेकडील चुनखडीच्या उघड्या डोंगरांत सावली नसते, एवढेच कारण आहे.

राजांची दरी

इसवी सनपूर्व सोळाव्या ते अकराव्या शतकापर्यंत, म्हणजे सुमारे ५०० वर्षे, इजिप्तच्या बहुतेक राजांचे दफन या दरीत झाले. त्यापूर्वीच्या राजांनी पिरॅमिड बांधले होते. पण दुरूनही दिसणारे पिरॅमिड चोरांना आमंत्रण ठरले. म्हणून डोंगराच्या पोटात, प्रवेशद्वार बुजवून टाकता येईल अशी थडगी खोदण्यात आली. हा उपायही फारसा यशस्वी झाला नाही. प्राचीन काळातच बहुतेक थडगी लुटली गेली आणि पुजाऱ्यांना राजांच्या ममी गुप्तपणे अन्यत्र हलवाव्या लागल्या. दैर अल-बहारी येथील अशा एका गुप्त विवराची माहिती पुरातत्त्व अधिकाऱ्यांना १८८१ साली मिळाली.

दरीत आजवर साठहून अधिक थडगी व खड्डे सापडले आहेत. सर्वसाधारण तिकिटावर त्यांपैकी तीन थडगी पाहता येतात. तुतनखामेन, सेती पहिला आणि रामसेस सहावा यांच्या थडग्यांसाठी वेगळे तिकीट घ्यावे लागते.

थडग्याच्या आत मार्गदर्शकाला व्याख्यान देण्याची परवानगी नाही, ही गोष्ट नवख्या पर्यटकाला चमत्कारिक वाटते. मार्गदर्शक बाहेर उभा राहून चित्रांच्या साहाय्याने माहिती सांगतो आणि पर्यटक एकटेच आत उतरतात. नियम कडक वाटला तरी त्यामागील विचार योग्य आहे. अरुंद मार्गिकेत तीस जणांचा गट पंधरा मिनिटे थांबला, तर मागची रांग खोळंबते आणि आतील हवा दमट होते.

हा दमटपणाच मुख्य शत्रू आहे. बंद असताना थडग्यातील तापमान आणि आर्द्रता शतकानुशतके जवळपास स्थिर राहिली. माणसे आत आली की श्वास व घाम यांतून हवेत ओलावा मिसळतो. येथील खडकात मूळचेच क्षार आहेत. ओलाव्याने ते विरघळतात, हवा कोरडी झाली की पुन्हा त्यांचे स्फटिक बनतात. हे स्फटिक गिलाव्याच्या मागे वाढतात आणि रंगवलेला गिलावा भिंतीपासून सुटू लागतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण जवळच्या राण्यांच्या दरीत आहे. रामसेस दुसरा याची राणी नेफरतारी हिचे थडगे १९०४ साली इटालियन संशोधक अर्नेस्तो स्कियापारेल्ली यांनी शोधले. इजिप्तमधील सर्वांत सुंदर चित्रे याच थडग्यात आहेत, असे अनेक अभ्यासक मानतात. क्षारांमुळे चित्रांचे मोठे भाग गळून पडले होते. गेटी संवर्धन संस्था आणि इजिप्तचा पुरातत्त्व विभाग यांनी १९८६ ते १९९२ या काळात तेथे दुरुस्ती केली. नवे रंग भरायचे नाहीत, उरले आहे तेवढे टिकवायचे, असे धोरण ठेवण्यात आले. १९९५ साली थडगे खुले झाले तेव्हा दिवसाला १५० पर्यटकांची मर्यादा घालण्यात आली. पुढे ते अनेकदा बंद ठेवावे लागले.

तुतनखामेनच्या थडग्याची कथा थोडी निराळी आहे. हॉवर्ड कार्टर यांना ४ नोव्हेंबर १९२२ रोजी त्याची पहिली पायरी सापडली. थडगे लहान आहे आणि चित्रे केवळ दफनकक्षातच आहेत. त्या चित्रांवर तपकिरी डाग दिसतात. हे डाग पर्यटकांच्या श्वासामुळे वाढत असावेत, अशी भीती पूर्वी व्यक्त होत असे. गेटी संस्थेच्या तज्ज्ञांनी १९२० च्या दशकातील छायाचित्रांशी आजच्या भिंतींची तुलना केली, तेव्हा डाग वाढलेले नसल्याचे आढळले. ते सूक्ष्मजीवांमुळे निर्माण झाले होते आणि ते सूक्ष्मजीव केव्हाच मृत झाले आहेत. डाग रंगाच्या थरात मुरल्याने पुसता येत नाहीत. खरा त्रास होता तो पर्यटकांच्या कपड्यांवरून व बुटांवरून येणाऱ्या धुळीचा. ती वारंवार झाडताना रंग खरवडला जाण्याचा धोका होता. २०१९ साली पूर्ण झालेल्या या प्रकल्पात हवा गाळून आत सोडणारी यंत्रणा बसवण्यात आली.

राजाची ममी २००७ साली हवामान-नियंत्रित काचेच्या पेटीत ठेवण्यात आली. थडग्यातून मिळालेल्या पाच हजारांहून अधिक वस्तूंचे दालन मात्र गिझा येथील ग्रँड इजिप्शियन म्युझियममध्ये आहे. या संग्रहालयाचे औपचारिक उद्घाटन १ नोव्हेंबर २०२५ रोजी झाले. सोन्याचा मुखवटा पाहण्याच्या अपेक्षेने लक्सरला येणारे पर्यटक म्हणूनच निराश होतात.

प्रतिकृतीचा पर्याय

कार्टर यांच्या घराशेजारी २०१४ पासून तुतनखामेनच्या दफनकक्षाची हुबेहूब प्रतिकृती पाहता येते. मूळ भिंतींचे अत्यंत बारकाईने अंकीय मोजमाप करून ती तयार केली गेली. तेथे घाई नाही, गर्दी नाही आणि हवे तितका वेळ चित्रांजवळ उभे राहता येते. तरीही बहुतेक गट तेथे थांबत नाहीत, कारण ‘खरे’ पाहिल्याचे समाधान प्रतिकृती देत नाही. अजिंठ्याच्या चित्रांसमोरील गर्दीविषयी ज्यांनी विचार केला आहे, त्यांना हा पेच नवा वाटणार नाही.

दुसरी बाजूही दुर्लक्षिण्यासारखी नाही. लक्सरचे अर्थकारण पर्यटनावर उभे आहे. हातशेपसूतच्या मंदिरात १७ नोव्हेंबर १९९७ रोजी झालेल्या दहशतवादी हल्ल्यात ६२ जण मृत्युमुखी पडले, त्यांपैकी ५८ परदेशी पर्यटक होते. त्यानंतर आणि पुन्हा २०११ च्या राजकीय उलथापालथीनंतर येथील हॉटेले व नौका ओस पडल्या. थडगी बंद करा, असे सांगणे तज्ज्ञांना सोपे असते, टांगेवाल्याला नाही. तिकिटांच्या उत्पन्नातूनच संवर्धनाचा खर्चही भागवायचा असतो.

मजुरीच्या प्रश्नाला येथे प्राचीन इतिहासही आहे. थडगी खोदणारे व रंगवणारे कारागीर दैर अल-मदिना या गावात राहत. रामसेस तिसरा याच्या कारकिर्दीच्या २९ व्या वर्षी धान्याच्या रूपातील वेतन थकले, तेव्हा त्यांनी काम थांबवून मंदिरांपाशी ठिय्या दिला. जगातील पहिला लेखी नोंद असलेला संप म्हणून तो ओळखला जातो. नोंदीचा पपायरस इटलीतील तुरीन येथे आहे. हे गाव एक दिवसाच्या सहलीत बहुधा वगळले जाते, आणि ते खेदाचे आहे. कारागिरांनी स्वतःसाठी रंगवलेली लहान थडगी राजांच्या थडग्यांपेक्षा अधिक जिवंत वाटतात.

पूर्व तीर

दुपारनंतर गट कर्नाकला पोहोचतो. आमून-रा या देवाच्या या मंदिर-संकुलाचे बांधकाम अनेक राजांच्या कारकिर्दीत चालू राहिले. येथील मुख्य सभामंडपात १३४ स्तंभ असून मधल्या बारा स्तंभांची उंची सुमारे २१ मीटर आहे. स्तंभांच्या तळाशी पांढरा थर दिसला तर तोही क्षारांचाच. आस्वानचे मोठे धरण १९७० साली पूर्ण झाल्यावर नाईलचा वार्षिक पूर थांबला, वर्षभर सिंचन सुरू झाले आणि भूजलाची पातळी वाढली. पाणी दगडात चढू लागले. भूजल उपसून पातळी खाली आणण्याचा प्रकल्प २००६ साली कार्यान्वित झाला. पर्यटकांवर बंदी घालून हा प्रश्न सुटला नसता.

कर्नाकपासून लक्सर मंदिरापर्यंतचा सुमारे २.७ किलोमीटरचा स्फिंक्स-मार्ग नोव्हेंबर २०२१ मध्ये समारंभपूर्वक खुला झाला. लक्सर मंदिराच्या दारात आज एकच ओबेलिस्क उभा आहे; त्याचा जोडीदार १८३६ पासून पॅरिसच्या चौकात आहे. मंदिराच्या आत अबू अल-हग्गाग यांची मशीद आहे. ती बांधली गेली तेव्हा मंदिर गाळाने व मातीने भरलेले होते. एकोणिसाव्या शतकात खोदकाम करून माती काढण्यात आली, त्यामुळे मशिदीचे जुने दार आता अंगणापासून कितीतरी वर, भिंतीत अधांतरी राहिले आहे. मशिदीत आजही नमाज होते.