चहाची हुशारी

सकाळी नार्व्याच्या धक्क्यावर दिवाडीच्या फेरीबोटीची वाट पाहणारी मंडळी बहुधा पेलाभर चहा घेऊनच घरून निघालेली असते. चहावाचून अंगात शक्ती येत नाही, असे आपण सारेच म्हणतो. परंतु साखर व दूध वगळले, तर चहाच्या पाण्यात शक्ती देणारे अन्न जवळजवळ काहीच नसते. मग ही हुशारी येते कोठून?

चहात आणि कॉफीत कॅफीन नावाचा एक पदार्थ असतो. शुद्ध रूपात तो पांढरा व चवीला कडू. १८१९ साली रुंगे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने तो कॉफीच्या बियांतून प्रथम वेगळा काढला; त्या बिया त्याला महाकवी गटे यांनी दिल्या होत्या. कॅफीनच्या एका रेणूत कार्बनचे ८, हायड्रोजनचे १०, नायट्रोजनचे ४ आणि ऑक्सिजनचे २ अणू असतात.

आपण जागे असतो तोवर मेंदूत अ‍ॅडेनोसीन नावाचे द्रव्य साचत जाते. मेंदूच्या पेशींवरील ठरावीक खाचांत ते जाऊन बसले, की डोळे जड होतात. कॅफीनची ठेवण त्याच्याशी इतकी मिळतीजुळती, की ते आधीच त्या खाचा अडवते. कुलपात भलतीच किल्ली अडकावी तसे हे आहे. थकवा अंगात राहतोच. त्याची वर्दी तेवढी पोहोचत नाही. दिवसभर शेतात राबणाऱ्याने हे ध्यानी धरावे.

घेतलेल्यापैकी निम्मे कॅफीन शरीरातून जाण्यास साधारण ५ तास लागतात. म्हणजे सायंकाळी ५ च्या चहातील निम्मा अंश रात्री १० वाजताही रक्तात असतो. मग झोप येत नाही म्हणून आपण उशीला दोष देतो!

गरोदर मातांविषयी मात्र आम्हांला आग्रहाने सांगावेसे वाटते. शेवटच्या महिन्यांत हाच काळ १० ते १५ तासांपर्यंत लांबतो. कॅफीन वारेतून बाळाकडे जाते आणि बाळाला ते पचवता येत नाही. दिवसाला ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅफीन घेणाऱ्या गर्भवतींनी ते कमी करावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. पेलाभर चहात ते साधारण ३० ते ५०, तर कॉफीत त्याच्या दुप्पट असू शकते. शिवाय जेवणाबरोबर घेतलेला चहा अन्नातील लोह अंगी लागू देत नाही, आणि रक्त कमी असलेल्या बाईला ते परवडणारे नाही.

निरोगी प्रौढाने दोन-तीन पेले घेतल्यास भिण्याचे कारण नाही. उपवासकाळात चहा सोडणाऱ्यांचे डोके दुसऱ्याच दिवशी ठणकू लागते, तेही मेंदूला लागलेल्या याच सवयीमुळे. त्यांनी आठवडाभर आधीपासून एकेक पेला कमी करीत जावे. संध्याकाळी काही ऊन ऊन हवेच असेल, तर धणे-जिऱ्याचा कषाय गूळ घालून उकळावा. त्यात कॅफीन मुळीच नसते, आणि मुलांनाही तो आवडतो.