दुकानदाराचें गुणपत्रक

बारामतीच्या किंवा पुण्याच्या एखाद्या मोठ्या दुकानांत माल घेऊन गल्ल्यापाशीं उभें राहिलें, कीं पैसे मागण्यापूर्वीं एक प्रश्न येतो : "मोबाईल नंबर?" डाळीतांदळाचा आणि दूरध्वनीच्या आंकड्यांचा संबंध काय, असा विचार पुष्कळांच्या मनांत येतो, पण मागें रांग उभी असते, गल्ल्यावरच्या मुलीचीं बोटें यंत्रावर तयार असतात, आणि दहा आंकडे तोंडांतून निघून जातात. त्या आंकड्यांचें पुढें काय होतें, त्यांच्या मोबदल्यांत आपणांस काय मिळतें, आणि मिळतें त्याहून अधिक हातचें जातें कीं काय, याचा विचार घरांतील कर्त्या माणसांनीं, आणि विशेषतः वाणसामानाची यादी ज्यांच्या हातीं असते त्या गृहिणींनीं, एकदां स्वस्थपणें करावा अशी आमची विनंती आहे.

या योजनेस इंग्रजींत 'लॉयल्टी कार्ड' म्हणतात. मराठींत 'निष्ठापत्रिका' म्हणावें लागेल. गुरूविषयीं, देवाविषयीं वापरावयाचा शब्द साबणचुऱ्याविषयीं वापरणें कानास खटकतें खरें. तथापि व्याकरणाच्या वाटेनें पाहिलें तर तो अगदींच अस्थानीं नाहीं. पाणिनीनें 'क्त' आणि 'क्तवतु' या दोन प्रत्ययांस 'निष्ठा' अशी संज्ञा दिली आहे. 'गत', 'कृत', 'भुक्त' असे, क्रिया होऊन गेल्याचें सांगणारे शब्द त्यांनीं सिद्ध होतात. दुकानदारास हवी असलेली निष्ठाहि याच जातीची. काय 'क्रीत' झालें आणि काय 'भुक्त' झालें याची नोंद ठेवावयाची व तिजवरून पुढच्या महिन्याची खरेदी ताडावयाची, हें या पत्रिकेचें मुख्य काम; सूट ही त्या नोंदीसाठीं मोजलेली किंमत.

कल्पना मात्र नवी नव्हे, आणि तिचें मूळ पुष्कळच चांगलें आहे. इंग्लंडांतील रॉचडेल या गांवीं १८४४ च्या डिसेंबरांत कांहीं विणकरांनीं व इतर कारागिरांनीं वर्गणी काढून एक लहानसें दुकान उघडलें. पीठ, लोणी, साखर, मेणबत्त्या एवढाच माल. पण वजन पुरें आणि भेसळ नाहीं. भांडवलावर ठराविक व्याज देऊन जो नफा उरे तो सभासदांस त्यांच्या खरेदीच्या प्रमाणांत वांटला जाई. मुंबईंत नायगांवला १९४८ सालीं कामगारांच्या ग्राहक संस्थेंतून निघालेला 'अपना बाजार' याच कुळांतला. आमचें अंथुर्णें ज्या मुलुखांत आहे तो तर सहकाराचाच. भवानीनगरचा छत्रपति सहकारी साखर कारखाना जवळच. आणि कारखान्याच्या सभासदास सवलतीच्या दरानें साखर मिळते, ही गोष्ट इकडच्या शेतकऱ्यांच्या घरीं लहान मुलांसहि ठाऊक असते. ती साखर घरीं येते ती मालकाचा वांटा म्हणून. निष्ठापत्रिकेवरचे गुण मालक म्हणून मिळत नाहींत. ते किती द्यावयाचे, केव्हां कमी करावयाचे, केव्हां बुडवावयाचे, हें सर्व देणाऱ्याच्या मर्जीवर. रॉचडेलच्या रूपांतून हा फरक वगळून जें उरलें, तें आजचें कार्ड.

त्याला हल्लींचें स्वरूप आलें तेंहि इंग्लंडांतच. टेस्को या दुकानसमूहानें १९९५ सालीं 'क्लबकार्ड' काढलें. त्यापूर्वीं थोड्या दुकानांत प्रयोग झाला होता, आणि त्याचे आंकडे क्लाइव्ह हंबी व एडविना डन या गणिती दांपत्यानें मांडून दाखविले. तेव्हां कंपनीचे अध्यक्ष मॅक्लॉरिन यांनीं, आपणांस तीस वर्षांत जें ग्राहकांविषयीं कळलें नाहीं तें यांस तीन महिन्यांत कळलें याची भीति वाटते, अशा आशयाचे उद्गार काढले, असें सांगतात. भीति दुकानदारास वाटली, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

आतां लाभाचा हिशेब करूं. समजा, शंभर रुपयांच्या खरेदीस दोन गुण आणि चार गुणांचा एक रुपया. म्हणजे शंभरांस अर्धा रुपया. आठदहा माणसांच्या एकत्र घराचें वाणसामान महिना आठ हजारांचें धरलें, तर वर्षाचे शहाण्णव हजार होतात आणि त्यांवर ४८० रुपये सुटतात. रक्कम अगदींच टाकाऊ नाहीं. पण तिच्या आशेनें जो मनुष्य यादींत नसलेला एक बिस्किटांचा मोठा पुडा दरमहा उचलतो, त्याची ती सूट वर्ष संपण्यापूर्वींच संपलेली असते. मग सरळ अर्धा टक्का सूट न देतां गुण कां देतात? आम्ही शाळेंत गुण देत असूं ते शंभरांपैकीं. चाळीस मिळाले तर काय मिळालें हें विद्यार्थ्यास आणि त्याच्या वडिलांस तत्काळ कळे. येथें 'आपले १२५० गुण जमा झाले' एवढाच संदेश येतो. कशापैकीं, तें कोणी सांगत नाहीं. पैशाचा हिशेब प्रत्येकास येतो, गुणांचा येत नाहीं, आणि न आलेल्या हिशेबांतच दुकानदाराची कसर असते. शिवाय ठराविक संख्या भरेपर्यंत ते वापरतां येत नाहींत व मुदत टळली कीं बुडतात. जितके बुडतील तितका खर्च वांचतो, हें गृहीत धरूनच असल्या योजना आंखलेल्या असतात.

तरी सर्वच थोतांड आहे असें म्हणणें अन्यायाचें होईल. कार्डधारकांस निराळा, कमी भाव देण्याची रीत इंग्लंडांत फार वाढली, तेव्हां मूळ भाव फुगवून ही सूट दाखवितात कीं काय असा संशय तेथील लोकांस आला. सरकारच्या स्पर्धा व बाजार प्राधिकरणानें सुमारे पन्नास हजार वस्तूंचे भाव तपासले आणि नोव्हेंबर २०२४ मध्यें निष्कर्ष प्रसिद्ध केला कीं, शंभरांपैकीं ब्याण्णव वस्तूंवरची सूट खरी होती. त्याच चौकशींत हेंहि आढळलें कीं, कार्डाचा भाव हा बाजारांतील सर्वांत कमी भाव असेलच असें नाहीं. यादी करून खरेदी करणाऱ्या घरास, विशेषतः दिवाळीच्या फराळाच्या महिन्यांत, सर्वांची खरेदी एकाच नंबरावर पडल्यानें बरीच जमा होते. बिल हरवलें तरी नंबरावरून सांपडतें, आणि खराब निघालेला माल परत देणें सोपें जातें. उलट, अशा पत्रिकेवांचूनहि व्यापार वाढतो. २००२ सालीं पवईस पहिलें दुकान काढणारा डी-मार्ट गुणांच्या भानगडींत न पडतां भावच कमी ठेवण्याच्या बळावर एवढा विस्तारला.

आपल्याकडे या धंद्याचा इतिहास पाहावयाचा तर तो एकाच कार्डाच्या चरित्रांत पाहावा. 'आय-मिंट' नांवाचें, अनेक दुकानांत चालणारें कार्ड २००६ मध्यें निघालें. पुढें त्याचें 'पेबॅक' झालें. बिग बझारच्या गल्ल्यावर पुण्यामुंबईच्या हजारों गृहिणींनीं पिशवींतून काढून दिलें तें हेंच. पेबॅकची मूळ जर्मन कंपनी २०११ मध्यें अमेरिकन एक्स्प्रेसनें विकत घेतली. २०२१ मध्यें हिंदुस्थानांतील पेबॅक 'भारतपे'कडे गेलें, आणि पुढल्याच वर्षीं त्याचें नांव 'झिलियन' ठेवण्यांत आलें. कार्ड घरच्या फडताळांत होतें तेथेंच राहिलें. खतावणी मात्र हातोहातीं फिरली. एका दुकानावर विश्वास ठेवून आपण नांव, जन्मतारीख आणि पत्ता लिहून दिला, तो विश्वास खतावणीबरोबर नव्या मालकाकडे आपोआप जातो. त्याची आपल्याशीं ओळख असावी लागत नाहीं.

आणि दुकान? २००१ मध्यें निघालेल्या बिग बझारनें मध्यंतरीं 'प्रॉफिट क्लब' नांवाची योजना काढली होती. दहा हजार रुपये आगाऊ भरावयाचे आणि बारा महिने दरमहा एक हजाराचा माल न्यावयाचा. म्हणजे दहाचे बारा. वरवर हे वीस टक्के दिसतात. पण दहा हजार वर्षभर दुकानाकडे राहत नाहींत, महिन्याच्या महिन्याला परत येत जातात. तें लक्षांत घेऊन त्रैराशिकापलीकडचा हिशेब केला तर व्याजाचा दर पस्तीस टक्क्यांच्या घरांत जातो. अर्थात् परतफेड रोख नव्हे, मालांत, आणि मालावर दुकानाचा नफा असतोच. तरी इतक्या दरानें जो ग्राहकाकडून आगाऊ पैसा उचलतो, त्यास पैशाची निकड किती, हा प्रश्न कोणाहि जुन्या सावकाराच्या मनांत प्रथम आला असता. पुढें कर्जापायीं या समूहाची स्थिति बिघडली, २०२२ च्या फेब्रुवारींत त्याचीं पुष्कळ दुकानें रिलायन्सनें आपल्या ताब्यांत घेतलीं, आणि त्याच वर्षाच्या जुलैंत फ्यूचर रिटेल या कंपनीवर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. गुण काय आणि आगाऊ भरणा काय, दोन्ही दुकानाच्या आयुष्याशीं बांधलेले असतात. बँकेंतील ठेवीस जसें विम्याचें संरक्षण आहे तसें त्यांस नाहीं.

पैशांपेक्षां आम्हांस अधिक काळजी वाटते ती घरांतल्या गोष्टींची. अमेरिकेंतील 'टार्गेट' या दुकानांत अँड्र्यू पोल नांवाच्या संख्याशास्त्रज्ञानें सुमारे पंचवीस वस्तूंच्या खरेदीवरून कोणती स्त्री गरोदर आहे हें ताडण्याची युक्ति बसविली होती. न्यूयॉर्क टाइम्सनें २०१२ मध्यें ती हकीकत छापली. आपल्याकडे ही बातमी प्रथम कोणास सांगावयाची, कितव्या महिन्यांत सांगावयाची, याचे संकेत आहेत. ती सुनेनें सासूस सांगण्यापूर्वीं दुकानास कळावी, हें कोणत्या घरास रुचेल? एकत्र कुटुंबांत तर आणखी एक घोटाळा होतो. नंबर बहुधा आजोबांचा किंवा थोरल्या भावाचा दिलेला असतो, आणि वस्तुवार बिल त्याच नंबरावर येतें. धाकट्या सुनेनें काय नेलें, कोणत्या औषधाचें दुकान गांठलें, किती रुपयांचें सौंदर्यप्रसाधन घेतलें, हें सर्व सासऱ्यांच्या हातांतील यंत्रावर उमटतें. सासरे सज्जन असले तरी तिला संकोच होतो, आणि नसले तर जेवणाच्या पंगतींत विषय निघतो. स्त्रीच्या चार खाजगी वस्तूंवर घरांत हिशेबनीस बसवावा, असें कोणाच्याच मनांत नव्हतें. दहा आंकडे मात्र दिले गेले.

यावर कोणी म्हणेल, गांवच्या वाण्यासहि हें सर्व कळतच होतें. खरें आहे. अंथुर्ण्याच्या दुकानदारास कोणाच्या घरीं पाहुणे आले, कोणाच्या म्हातारीनें साखर सोडली, कोणाच्या घरीं डिंक आणि अळीव गेला, सर्व ठाऊक असतें. पण त्याची वही त्याच्या पेटींत राहते. पुण्याच्या कंपनीस ती विकतां येत नाहीं. भलतें बोलला तर त्यास गांवांतच तोंड दाखवावें लागतें. आणि तो निष्ठेचें फळ गुणांनीं देत नाहीं. इकडे नीरेच्या कालव्यावर ऊस. उसाचें बिल कारखान्याकडून येईपर्यंत घरोघरची उचापत त्याच्याकडे महिनेच्या महिने थांबते, आणि तो थांबूं देतो. ही सोय कोणत्याहि कार्डावर नाहीं. अर्थात् त्याचा भाव शहरापेक्षां दोन पैसे अधिक असतो, उधारीची किंमत त्यांत आलेली असते, आणि निवडीस माल थोडा. म्हणूनच तर मंडळी बारामतीस जातात. आषाढवारींत तुकोबांच्या पालखीचा मुक्काम आमच्या गांवीं असतो. त्या दिवशीं शेंकडों अनोळखी वारकरी याच दुकानांत चहा-साखर घेतात. त्यांचें नांवगांव कोणी विचारीत नाहीं, आणि व्यवहार अडत नाहीं.

भामट्यांचा उपद्रव हा निराळाच. 'आपले गुण आज रात्रीं बुडत आहेत, ही कळ दाबा' असे खोटे संदेश हल्लीं सर्रास येतात. स्टेट बँकेच्या गुणांच्या नांवानें आलेल्या अशा संदेशांविषयीं सरकारच्या पत्र सूचना कार्यालयानें जाहीर इशारा दिला होता. त्यांबरोबर येणारी फाइल मोबाईलमध्यें बसवून घेतली कीं खात्याच्या किल्ल्या चोराच्या हातीं जातात. घरांतील वडीलधाऱ्यांस हें समजावून सांगणें हें नातवंडांचें काम. पैसे गेलेच, तर विलंब न लावतां १९३० या क्रमांकावर कळवावें.

ज्यांस कार्ड घ्यावयाचें आहे त्यांनीं तें बँकेच्या खात्याशीं जोडलेल्या नंबरावर न घेतां निराळ्या नंबरावर घ्यावें, जन्मतारीख व लग्नाचा वाढदिवस हे रकाने कोरे सोडावे, आणि कोणाचा नंबर द्यावयाचा हें घरांतील स्त्रियांस विचारून ठरवावें. कायदाहि आतां थोडा पाठीशीं आहे. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानें, दिलेली संमति परत घेण्याचा आणि आपली नोंद पुसून मागण्याचा अधिकार नागरिकास दिला आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले, आणि दुकानदारांवरचीं मुख्य बंधनें त्यानंतर अठरा महिन्यांनीं लागू व्हावयाचीं असें त्यांत ठरलें. त्याच्याहि आधीं, मे २०२३ मध्यें, केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानें बिलासाठीं मोबाईल नंबराचा आग्रह धरूं नये असें दुकानदारांस बजावलें होतें. तेव्हां गल्ल्यावर "नंबर देत नाहीं, बिल करा" असें शांतपणें म्हणावें. मुलगी क्षणभर घुटमळेल. मग बहुधा दुकानाचाच एखादा ठरलेला आंकडा ती यंत्रांत घालते आणि बिल निघतें.