क्लब कशावर जगतो? फुटबॉलविषयीचे सात गैरसमज आणि वस्तुस्थिती

सोलापुरात फुटबॉलचा विषय निघाला की बोलणं दोन टोकांना जातं. एकीकडे रात्र जागून पाहिलेले युरोपातले सामने आणि मुलांच्या अंगावरचे बार्सिलोना, मँचेस्टरचे टी-शर्ट. दुसरीकडे ‘आपल्याकडं कुठं काय आहे?’ हे ठरलेलं वाक्य. या दोन टोकांच्या मध्ये महाराष्ट्राचा स्वतःचा फुटबॉल इतिहास आहे आणि तो फार थोड्यांना माहीत आहे. म्हणून काही समजुती इथं तपासून पाहू. सोबत बेल्जियमकडेही बघू. हा देश क्षेत्रफळानं जेमतेम सोलापूर जिल्ह्याच्या दुपटीएवढा, पण त्याच्या क्लबांच्या इतिहासात आपल्याला हव्या असलेल्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं सापडतात.

गैरसमज १ : फुटबॉल म्हणजे बंगाल आणि गोवा. महाराष्ट्राला फुटबॉलची परंपराच नाही.

वस्तुस्थिती : देशातली सर्वांत जुनी स्पर्धा ड्युरंड कप, सुरुवात १८८८. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८९१ मध्ये, मुंबईत रोव्हर्स कप सुरू झाला आणि एका शतकाहून जास्त काळ चालला. सुरुवातीला त्यावर गोऱ्या पलटणींचीच सत्ता होती. १९३७ मध्ये बंगळूर मुस्लिम्स या भारतीय संघानं ती मोडली. १९५८ मध्ये तर मुंबईचाच कॅलटेक्स संघ विजेता ठरला.

कॅलटेक्स ही तेल कंपनी. मुंबईचा त्या काळचा फुटबॉल अशा कंपन्या, गिरण्या आणि सरकारी खात्यांवर उभा होता : टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, पश्चिम रेल्वे, मध्य रेल्वे. चांगल्या खेळाडूला नोकरी मिळायची. पगार कारकुनाचा किंवा कामगाराचा, पण हजेरी मैदानावर. याच वातावरणात नेव्हिल डिसोझा घडला. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये त्यानं ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले, भारतानं सामना ४-२ असा जिंकला आणि पुढं स्पर्धेत चौथा क्रमांक मिळवला. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅट्‌ट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. परंपरा नाही, असं म्हणायला जागाच उरत नाही.

गैरसमज २ : मुंबई सिटी एफसीच्या आधी महाराष्ट्राचा कुठलाही क्लब देशात पहिला आला नव्हता.

वस्तुस्थिती : २००५-०६ च्या राष्ट्रीय फुटबॉल लीगचा विजेता होता महिंद्रा युनायटेड, मुंबई. त्याआधी ही लीग प्रथम पंजाबच्या जेसीटीनं आणि नंतर कोलकाता-गोव्याच्या क्लबांनी जिंकली होती. त्या यादीत प्रथमच महाराष्ट्राचं नाव लागलं.

हा क्लब १९६२ मध्ये महिंद्रा अँड महिंद्रा कंपनीचा संघ म्हणून सुरू झाला. ड्युरंड कप तीनदा जिंकला : १९९८, २००१ आणि २००८. फेडरेशन कप दोनदा : २००३ आणि २००५. लीगविजयाच्या वेळी प्रशिक्षक होते गोव्याचे डेरिक परेरा. घानाचा युसिफ याकुबू पुढच्या फळीत होता. २००७ मध्ये या संघानं आशियाई क्लबांच्या एएफसी कप स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरीपर्यंत मजल मारली. २०२५ मध्ये भारतीय संघाचे प्रशिक्षक झालेले खालिद जमील याच क्लबकडून खेळले होते. एका मोसमात देशाची लीग आणि फेडरेशन कप दोन्ही नावावर करणारा क्लब राज्याच्या स्मरणातून इतक्या लवकर पुसला जावा, ही खरोखर वाईट वाटावी अशी गोष्ट आहे.

गैरसमज ३ : जे क्लब बंद पडले ते हरत होते म्हणून बंद पडले.

वस्तुस्थिती : महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. लीग जिंकून चार वर्षं आणि ड्युरंड कप जिंकून दोन वर्षं झाली होती. कंपनीनं शालेय पातळीवरच्या फुटबॉलकडे लक्ष देण्याचं ठरवलं आणि संघ गुंडाळला. ताळेबंद पाहणाऱ्या माणसाला तो निर्णय कदाचित पटेलही. पण क्लबच्या खेळाडूंना, प्रशिक्षकांना, मुंबईच्या कूपरेज मैदानावर येणाऱ्या प्रेक्षकांना त्यात मत नव्हतं.

पुण्याचं उदाहरण याहून बोलकं आहे. २००७ मध्ये अशोक पिरामल समूहानं पुणे एफसी स्थापन केला. २०१२-१३ मध्ये आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशाच्या मुख्य लीगमध्ये, हा क्लब दुसरा आला. त्याची अकादमी चांगली मानली जात होती. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली, आय-लीगचं भवितव्य धूसर झालं आणि २०१५ मध्ये पुणे एफसीनं शटर ओढलं. कल्याणी समूहाचा भारत एफसी २०१५ चा एकच मोसम खेळला. डीएसके शिवाजियन्स २०१७ मध्ये आय-लीगबाहेर गेला. सुपर लीगमधला एफसी पुणे सिटी २०१४ मध्ये आला आणि २०१९ मध्ये संपला. त्याची जागा हैदराबादनं घेतली. यांतल्या भारत एफसीचा शेवटचा क्रमांक होता, मुंबई एफसी २०१७ मध्ये आय-लीगमधून खाली घसरला आणि मग थांबला, हेही सांगायला हवं. पण एकंदर हिशेब पाहिला तर पराभवापेक्षा मालकाच्या निर्णयानं आणि लीगच्या फेरबदलानं गेलेले क्लब जास्त.

सोलापूरकराला हे समजावून सांगायची गरज नाही. १८७७ मधली जुनी मिल, नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू : एका भोंग्यावर अख्खा गाव चालायचा आणि तो भोंगा थांबवायचा की नाही हे भलतीकडेच ठरायचं. कंपनीच्या पायावर उभ्या असलेल्या संघाचंही तेच होतं.

गैरसमज ४ : युरोपातले क्लब कायमचे असतात. तिथं क्लब बुडत नाहीत.

वस्तुस्थिती : बुडतात, आणि बेल्जियममध्ये तर बरेच बुडतात. अँटवर्पचा बेरशॉट २०१३ मध्ये दिवाळखोरीत गेला. लीयर या गावाचा लीयर्स हा जुना क्लब २०१८ मध्ये गेला. फरक पडतो तो बुडाल्यानंतर.

तिथल्या व्यवस्थेतली एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. बेल्जियमच्या फुटबॉल महासंघानं १९२६ मध्ये प्रत्येक क्लबला नोंदणी क्रमांक दिला. १८८० मध्ये स्थापन झालेल्या रॉयल अँटवर्पचा क्रमांक १, क्लब ब्रुझचा ३, युनियन सँ-जिलवाजचा १०, अँडरलेख्टचा ३५. क्लबचं नाव बदललं, मैदान बदललं, मालक बदलला, तरी क्रमांक तोच राहतो. दोन क्लब एकत्र आले तर कोणाचा क्रमांक चालू ठेवायचा हे ठरवावं लागतं आणि दुसरा क्रमांक संपतो. त्यामुळं तिथल्या प्रेक्षकाला क्रमांक म्हणजे आपल्या क्लबचा सातबारा वाटतो. जुन्या समर्थकांना आपल्या क्लबचा क्रमांक तोंडपाठ असतो.

बेरशॉट बुडाला तेव्हा समर्थक घरी बसले नाहीत. शेजारच्या विलरेइकमधल्या खालच्या श्रेणीतल्या क्लबाशी त्यांनी हातमिळवणी केली आणि प्रांतिक लीगपासून पुन्हा सुरुवात केली. तिथंही हजारो लोक सामन्याला येत राहिले. एकेक पायरी चढत २०२० मध्ये हा क्लब पुन्हा पहिल्या श्रेणीत पोचला. हे घडू शकलं, कारण तिथं खालच्या लीगमधून वर येण्याची वाट उघडी असते. आपल्याकडं २०१४ नंतर कितीतरी वर्षं सुपर लीगची दारं शुल्क भरणाऱ्या फ्रँचायझींनाच खुली होती. आय-लीग जिंकून वर येण्याची सोय २०२३ मध्ये पहिल्यांदा प्रत्यक्षात आली आणि पंजाब एफसी त्या वाटेनं आत गेला.

गैरसमज ५ : एकदा वैभव गेलं की क्लब परत उठत नाही. कारखाना बंद झाला की गावाचा संघही संपतो.

वस्तुस्थिती : ब्रुसेल्सचा युनियन सँ-जिलवाज १८९७ चा. १९३५ पर्यंत त्यानं देशाचं विजेतेपद ११ वेळा मिळवलं होतं. १९३३ ते १९३५ या काळात सलग ६० लीग सामने तो हरला नाही. मग उतरण लागली. १९७३ मध्ये तो पहिल्या श्रेणीतून खाली गेला, पुढं आणखी खालच्या श्रेणीत घसरला. पण क्लब बंद झाला नाही. तेच मैदान, तोच पिवळा-निळा गणवेश आणि थोडके का होईना, येत राहिलेले प्रेक्षक. २०१८ मध्ये नवी गुंतवणूक आली, २०२१ मध्ये ४८ वर्षांनी तो पहिल्या श्रेणीत परतला आणि २०२५ मध्ये, नव्वद वर्षांनंतर, पुन्हा बेल्जियमचा विजेता झाला. पैसा आला म्हणून हे झालं, हे खरं. पण पैसा ज्या गोष्टीत यायचा ती आधी शिल्लक असावी लागते. मधली ४८ वर्षं ती ज्यांनी टिकवली, त्यांचाही या विजेतेपदात वाटा आहे.

गिरणगावाशी जुळणारं उदाहरण गेंक शहराचं. तिथं कोळशाच्या खाणी होत्या आणि खाणकामगारांच्या वस्त्यांचे दोन क्लब होते, वॉटरशाय आणि विंटरस्लाख. वॉटरशायची खाण १९८७ मध्ये आणि विंटरस्लाखची १९८८ मध्ये बंद झाली. दोन्ही क्लब अडचणीत होते, आपापसांत चुरसही मोठी. तरी १९८८ मध्ये ते एक झाले आणि केआरसी गेंक जन्माला आला. अवघ्या अकरा वर्षांत, १९९९ मध्ये, तो देशाचा विजेता झाला. पुढं २००२, २०११ आणि २०१९ मध्येही. केव्हिन डी ब्रुइन आणि थिबो कुर्तवा हे दोघं याच क्लबच्या युवा विभागातून पुढं आले. खाणी गेल्या, पण वस्तीनं आपला संघ जाऊ दिला नाही.

गैरसमज ६ : परदेशी मालक आला की यश ठरलेलंच.

वस्तुस्थिती : मँचेस्टर सिटीच्या मागं असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपनं नोव्हेंबर २०१९ मध्ये मुंबई सिटीत ६५ टक्के हिस्सा घेत असल्याचं जाहीर केलं. सहा महिन्यांनी, मे २०२० मध्ये, त्याच समूहानं बेल्जियममधला लोमेल हा छोटा क्लब घेतला. मुंबईनं २०२०-२१ मध्ये लीग शील्ड आणि सुपर लीगचा चषक दोन्ही जिंकले, २०२२-२३ मध्ये पुन्हा शील्ड आणि २०२३-२४ मध्ये पुन्हा चषक. एप्रिल २०२२ मध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबाला हरवून एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. त्याच काळात लोमेल मात्र दुसऱ्या श्रेणीतच खेळत राहिला. तेव्हा मालक एकच होता, फळं वेगळी. खेळाडूंची निवड, प्रशिक्षक आणि समोरच्या लीगची पातळी यांवर यश ठरतं. मालकाचं नाव ऐकून हुरळून जाण्यात अर्थ नाही.

इथंच खेळाडूविषयीची एक समजूतही तपासू. खेळाडू क्लबच्या मालकीचा असतो, असं अजून पुष्कळांना वाटतं. बेल्जियमच्याच एका खेळाडूनं ही समजूत न्यायालयात मोडून काढली. झाँ-मार्क बोस्मन हा आरएफसी लिएजचा खेळाडू. १९९० मध्ये त्याचा करार संपला. क्लबनं नव्या करारात जेमतेम एक चतुर्थांश पगार देऊ केला आणि फ्रान्समधल्या डंकर्कला जाण्यासाठी बदलीशुल्काची अट पुढं केली. करार संपलेला असूनही तो अडकला. पाच वर्षं तो लढला. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयानं निकाल दिला : करार संपल्यावर युरोपीय संघातल्या खेळाडूला दुसऱ्या सदस्य देशातल्या क्लबाकडे शुल्काविना जाता आलं पाहिजे. जगभरचे खेळाडू आज ज्या मोकळेपणानं क्लब बदलतात, त्याची सुरुवात या लहानशा क्लबाच्या फारशा नाव नसलेल्या खेळाडूपासून झाली.

गैरसमज ७ : क्लब चालवणं हे महानगरांचं आणि कोट्यधीशांचं काम आहे.

वस्तुस्थिती : सोलापूरहून मिरजमार्गे कोल्हापूरला जा आणि हंगामात शाहू स्टेडियम गाठा. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी क्रीडा मंडळ : ही पेठांची आणि तालमींची नावं आहेत. ज्या तालमीत कुस्ती पोसली गेली, तिथंच फुटबॉल रुजला. पेठेतला दुकानदार वर्गणी देतो, जुना खेळाडू पोरांना शिकवतो, सामन्याच्या दिवशी अख्खी गल्ली मैदानावर असते. कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशनच्या लीगमध्ये हे संघ वर्षानुवर्षं खेळत आले आहेत. २०१७ मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच.

या काळात मुंबई-पुण्यात करोडोंचे क्लब आले आणि गेले. तालमी मात्र टिकल्या, कारण त्या बंद करण्याचा अधिकार कुणा एकाकडं नाही. या फुटबॉललाही मर्यादा आहेत. मैदानावरचे वाद, तोकडं प्रशिक्षण, राष्ट्रीय पातळीवर क्वचितच मिळणारी संधी, हे सगळं खरं आहे. पण पाया भक्कम असेल तर वरचे मजले चढवता येतात.

सोलापुरात शाळा आहेत, मैदानं आहेत, खेळायला उत्सुक मुलं-मुली आहेत. इथं क्लब उभा राहावा असं वाटणाऱ्यांनी पुरस्कर्ता शोधण्याआधी चार गोष्टी कागदावर आणाव्यात. संस्थेची रीतसर नोंदणी आणि मताचा हक्क असलेले सभासद. मैदानाचा अनेक वर्षांचा लेखी करार. तेरा-पंधरा वर्षांखालच्या मुलांचे आणि मुलींचेही संघ. आणि दरवर्षी सभासदांपुढं मांडलेला जमाखर्च. पुरस्कर्ता त्यानंतर यावा, आणि तो गेला तरी क्लब उभा राहील अशी घडी आधीच बसलेली असावी. महिंद्रा, पुणे, गेंक, बेरशॉट आणि कोल्हापूरच्या तालमी यांचा इतिहास एकत्र वाचला तर हाच निष्कर्ष निघतो : क्लब चालवायला पैसा लागतो, पण तो टिकतो त्याच्यावर हक्क सांगणाऱ्या माणसांमुळं. सोलापूरनं सुरुवात तिथून करावी.