देवमाणसाचा संसार

परवा आमच्या सासऱ्यांचं वर्षश्राद्ध झालं. ९१ वर्षांचं भरभरून आयुष्य लाभलं त्यांना. जेवणं आटोपल्यावर जो तो म्हणत होता, "देवमाणूस! बायकामुलांवर जीव टाकायचे." सासूबाई कोपऱ्यात सुपारी कातरत बसल्या होत्या. मी जवळ गेले, तर हळूच म्हणाल्या, "चांगले होते गं. पण देवमाणसाचा संसार करणं काही सोपं नसतं."

मला एकदम बाया कर्वेच आठवल्या.

महर्षी धोंडो केशव कर्वे, म्हणजे आपले अण्णा कर्वे, १०४ वर्षं जगले. १८५८ चा जन्म आणि १९६२ मध्ये निधन. त्यांचं कार्य आपण शाळेत पाठ केलेलं असतं. पण नवरा म्हणून, बाप म्हणून अण्णा कसे होते, हे आपण कधी विचारतो का?

पहिली पत्नी राधाबाई १८९१ मध्ये गेल्या. मागे लहानगा रघुनाथ. त्या काळी विधुराला दहा-बारा वर्षांची मुलगी सहज मिळायची. अण्णांनी मात्र ठरवलं, करीन तर विधवेशीच. गोदूबाई या त्यांच्या मित्राच्या बहीण. आठव्या वर्षी लग्न होऊन काही महिन्यांतच कपाळ पांढरं झालेलं. पुढे पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. ११ मार्च १८९३ ला पुण्यात लग्न झालं. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या, पण सगळ्यांच्या तोंडी राहिलं ते 'बाया' हेच नाव. या लग्नापायी अण्णांच्या मुरूड गावानं बहिष्कार घातला. सख्ख्या आईला मुलगा घरात घेता येईना. तरी अण्णांनी बायांचा हात सोडला नाही. पत्नीनिष्ठा म्हणतात ती हीच ना?

पण मैत्रिणींनो, खरी गोष्ट पुढेच आहे. १८९६ मध्ये अण्णांनी विधवांसाठी आश्रम काढला. १९०० मध्ये तो पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर गेला. सुरुवातीला दिवसभर कॉलेजात गणित शिकवायचं आणि संध्याकाळी चिखल तुडवत आश्रमात जायचं, असा अण्णांचा क्रम होता. कमाईतला पैसा आश्रमात जाई. आयुर्विम्याची पॉलिसीसुद्धा आश्रमाला देऊन टाकली! घरात तोंडं वाढलेली, उद्या काही झालं तर पोरांचं काय, हा घोर बायांनाच. आपण गृहिणी आहोत, तो घोर आपल्याला सांगायला नको.

बाया रडत बसल्या नाहीत. सुईणीचं शिक्षण घेतलं, घर रेटलं, आश्रमासाठी वर्गणीही गोळा केली. नवऱ्याशी भांडल्याही. आणि हे सगळं 'माझे पुराण' या आत्मचरित्रात निर्भीडपणे लिहून ठेवलं. ते १९४४ मध्ये छापून आलं, अण्णा हयात असताना! बायकोनं आपल्याविषयी खरं लिहावं, हे किती नवऱ्यांना आजही सोसेल?

आणि मुलं? बापानं इस्टेट ठेवली नाही, पण कणा दिला. रघुनाथांनी संततिनियमनाचा प्रचार केला, त्यापायी नोकरी गेली. तरी 'समाजस्वास्थ्य' मासिक १९२७ पासून मरेपर्यंत चालवलं. शंकर डॉक्टर होऊन आफ्रिकेत गेले. दिनकर फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. भास्कर हिंगण्याच्या संस्थेतच राबले.

दीर्घायुष्याचं कौतुक करताना त्याची किंमतही पाहावी लागते. १९५० मध्ये बाया गेल्या. १९५३ मध्ये थोरला रघुनाथ गेला. त्यानंतर १९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, अण्णांना 'भारतरत्न' मिळालं. तो सोहळा बघायला बाया कुठे होत्या?

अण्णा थोर होतेच, त्यात शंका नाही. पण त्या थोरपणाचा अर्धा खर्च बायांच्या पदरातून झाला. तो कुठल्या जमाखर्चात लिहिला नव्हता, म्हणून त्यांना स्वतःला लिहावा लागला.

त्या संध्याकाळी मी दोनशे पानी वही आणून सासूबाईंच्या पुढ्यात ठेवली. म्हटलं, "तुम्ही सांगा, मी लिहिते." पहिल्यांदा लाजल्या. मग म्हणाल्या, "बरं, लिही. लग्नात आम्ही दोघं पहिल्यांदा कधी बोललो माहितेय?"

तुमच्याही घरात अशी एखादी सासू, आई असेल. ती आहे तोवर वही आणा.